एलपर्यंतचं इंग्रजी

"बाबा, तुम्ही नुसतं हसा."

एवढंच म्हणाली धाकटी फोनवर. चार शब्द. पण त्या चार शब्दांनी भाऊसाहेबांच्या घरात पुढचे दोन महिने जो धुमाकूळ घातला, तसा घर बदलतानाही झाला नव्हता, आणि घर बदलताना तर कपाट तीन दिवस जिन्यात अडकून बसलं होतं.

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. ती विमानं दुरुस्त करायच्या कामावर होती, सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात. लायसन्सची परीक्षा पास झाली, त्याचा फोन होता. तिच्या कंपनीत अशी पद्धत की नवं लायसन्स मिळालेल्यांच्या घरच्यांना एक दिवस हँगरमध्ये बोलवायचं. त्या दिवशी ही मुलं पहिल्यांदा स्वतःच्या सहीने विमान उड्डाणाला सोडतात, आणि त्याच विमानातून आईबापांना अर्ध्या तासाची फेरी घडवतात. "आई, तू बिनधास्त ये," धाकटी म्हणाली. "आणि बाबा, तिथे सगळे साहेब इंग्रजीतच बोलतात. तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुम्ही नुसतं हसा."

आता, भाऊसाहेब म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढलेली, शेवटची नऊ वर्षं विभागप्रमुख म्हणून. अंधारात हात घातला तरी हवी ती फाइल हाताला लागावी अशी त्यांची मांडणी. आणि चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खाडाखोड नाही. एक नाही म्हणजे एक नाही! निरोप समारंभात साहेबांनी हे जाहीर सांगितलं होतं, आणि भाऊसाहेब ते अजून महिन्यातून दोनदा घरी सांगत. इंग्रजी त्यांनी खंडीभर लिहिलं होतं. पण ते सगळं 'ॲज पर रूल्स' आणि 'पुट अप फॉर ऑर्डर्स' छापाचं. त्या इंग्रजीत फाइल पुढे जाते, पण समोरच्याला चहा घेणार का हे विचारता येत नाही.

"नुसतं हसा म्हणे," भाऊसाहेब फोन ठेवून म्हणाले. "मी काय दुकानाच्या काचेतला पुतळा आहे?"

"अहो, काळजीने म्हणाली ती," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे भाऊसाहेबांची बायको. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही म्हणू.

"काळजी नव्हे, ही बेअदबी आहे. दोन महिने आहेत ना? बघच तू आता."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी दोनशे पानांची वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, शब्द, अर्थ, शेरा. वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'नेहमीच्या वापरातील इंग्रजी शब्द व त्यांचे अर्थ, विमानविषयक शब्दांसह'. आणि आत पहिल्या पानावर नियम घातला: ए पासून सुरुवात करून झेडपर्यंत ओळीने जायचं. मधला शब्द गाळायचा नाही, पुढचा आधी घ्यायचा नाही. जो शब्द वहीत चढला नाही तो तोंडातून काढायचा नाही.

"का पण?" वहिनींनी विचारलं.

"क्रम मोडला की रेकॉर्ड मोडलं," भाऊसाहेब म्हणाले. यावर बोलण्यात अर्थ नव्हता. याच माणसाने एकदा आजारपणात औषधंसुद्धा अक्षरांच्या क्रमाने घेतली होती.

वहीची बातमी दुपारपर्यंत इमारतभर झाली आणि सल्ल्यांची रांग लागली. खालच्या मजल्यावरचे मास्तर, म्हणजे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, चप्पल न घालताच वर आले. "शब्द पाठ करून भाषा येते होय? आधी व्याकरण! पाया नको?" असं म्हणून त्यांनी भाऊसाहेबांना दीड तास पाया शिकवला. समोरच्या घरातले हवाई काका त्याहून वरचे. हे गृहस्थ अकरा वर्षांपूर्वी एकदा, पन्नास मिनिटं, विमानात बसले होते, आणि तेव्हापासून जमिनीवर फारसे उतरलेच नव्हते. "भाऊसाहेब, कशाला एवढा खटाटोप?" ते म्हणाले. "विमानात दोनच शब्द लागतात. विंडो आणि वॉटर. बाकी सगळं आपोआप होतं."

"डब्ल्यू यायला अवकाश आहे," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले आणि 'अबाउट' या शब्दाकडे वळले.

तिथेच घोडं अडलं. शब्द लिहायचे तर अर्थ प्रमाण हवा, आणि प्रमाण अर्थ शब्दकोशातच मिळणार. मास्तरांचा शब्दकोश त्यांच्या नातवंडांनी चित्रं काढून सजवलेला. म्हणून भाऊसाहेब वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शब्दकोश घरी नेता येत नाही. नियम आहे."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. भाऊसाहेबांना त्या बाई एकदम आवडल्या.

बऱ्याच चर्चेनंतर असं निघालं की आतल्या कपाटात एक जुना, बाद केलेला शब्दकोश आहे. तो नेता येईल. पण त्याचा कणा मधोमध मोडून दोन तुकडे झालेले, आणि फाटकं पुस्तक देता येत नाही. बांधणीला पाठवलं तर तीन महिने. मग भाऊसाहेबांनीच तोड काढली, की त्याची नोंद दोन पुस्तकं म्हणून करा: भाग पहिला, ए ते एल, आणि भाग दुसरा, एम ते झेड. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत वाचनालयात असा माणूस आला नव्हता.

पण बाई पडल्या नियमाच्या. एका कार्डावर एकच पुस्तक. आणि कार्डासाठी राहण्याचा पुरावा. भाऊसाहेबांनी विजेचं बिल दाखवलं तर ते वडिलांच्या नावावर, आणि वडिलांना जाऊन वीस वर्षं झालेली. "मग वडिलांना घेऊन या," असं त्या म्हणाल्या नाहीत, एवढंच नशीब. चार खेपा झाल्या. दोन जामीन झाले, मास्तर आणि हवाई काका. चौतीस वर्षं भाऊसाहेबांनी लोकांना असंच "उद्या या" म्हणून परत पाठवलं होतं. आता पहिल्यांदाच त्यांना कळलं की खिडकी बाहेरच्या बाजूने फार खाली असते, बोलायला वाकावं लागतं. पण हा विचार त्यांनी फार वेळ मनात ठेवला नाही.

पहिला भाग त्यांच्या कार्डावर घरी आला. तोवर दुसरा भाग कुणी पळवला तर? म्हणून वहिनींना सभासद केलं आणि एम ते झेड त्यांच्या कार्डावर आणला. "याला हात लावायचा नाही," भाऊसाहेबांनी बजावलं. "पहिला भाग संपला की मी घेईन." वहिनींनी तो भाग शिवणयंत्रावर ठेवून दिला.

मग काय विचारता! रोज सकाळी चहाबरोबर तीस शब्द. एलरॉन, म्हणजे विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी. बॅगेज, म्हणजे सामान. ब्लॅक बॉक्स, म्हणजे विमानातलं सगळं नोंदवून ठेवणारी पेटी. हिचा रंग नारिंगी असतो हे वाचल्यावर भाऊसाहेब दिवसभर अस्वस्थ होते, त्यांच्या कचेरीत असं नाव चाललं नसतं. पण अपघात झाला तरी नोंदी शाबूत राहतात, हे कळल्यावर त्यांनी त्या पेटीला मनातल्या मनात नमस्कार केला. क्रू, डिले, फ्लॅप, फ्युजलाज म्हणजे विमानाचं धड. त्याआधीच, अठराव्या दिवशी, 'इंजिनियर' झाला होता. अर्थ, 'इंजिनाची देखभाल व दुरुस्ती करणारा माणूस'. सुवाच्य अक्षर. पुढचा शब्द.

पुढचा शब्द लिहिला खरा, पण त्या दिवशी भाऊसाहेबांचा चहा कपातच गार झाला.

त्याचं काय आहे, सहा वर्षांपूर्वी धाकटीने या शिक्षणाचा अर्ज आणला होता, तेव्हा पालकांच्या सहीची जागा दाखवून ती उभी राहिली होती. भाऊसाहेब म्हणाले, "बघू." आठ दिवस 'बघू'च म्हणत राहिले. नवव्या दिवशी म्हणाले, "ग्रीसमध्ये घालायला मुलींचे हात नसतात." सही वहिनींनी केली. तेव्हापासून बापलेकीत बोलणं होतं, हसणं होतं, पण विमानाचा विषय निघाला की धाकटी फोन आईकडे द्यायला सांगायची. ती एक न केलेली सही भाऊसाहेबांच्या घशात सहा वर्षं अडकून होती. 'नुसतं हसा' झोंबलं ते म्हणून. त्यांना वाटलं, पोरीने आपल्याला कायमचं बाजूला बसवलं.

त्यांनी कपाट उघडून एक जुनं पाकीट काढलं. धाकटी नऊ वर्षांची असताना तिने भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं. पुन्हा जोडलं तर घड्याळ आधीपेक्षा चांगलं चालायला लागलं, पण दोन स्क्रू उरले. भाऊसाहेब खूप ओरडले होते. मग कुणाचं लक्ष नसताना ते दोन स्क्रू त्यांनी पाकिटात घातले, वर मजकूर आणि तारीख लिहिली आणि कपाटात लावून टाकले. आता त्यांनी ठरवलं, हे पाकीट हँगरमध्ये पोरीच्या हातात द्यायचं. काही बोलायची गरज नाही. तिला कळेल.

दोन महिने भुर्रकन गेले. निघायच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब 'लँडिंग'वरून पुढे सरकून 'लूज'पर्यंत पोचले, आणि रात्रीच्या जेवणाआधी एल संपला. "अर्धी भाषा झाली!" त्यांनी जाहीर केलं.

"पण अहो, उड्डाणाचा शब्द टीमध्ये आहे," मास्तर म्हणाले. "तुम्हाला विमान उतरवता येईल, चढवता येणार नाही."

"चढवायला मुलगी आहे," भाऊसाहेब म्हणाले.

हँगर म्हणजे काय हे भाऊसाहेबांना एचमध्येच कळलं होतं, विमान ठेवायची व दुरुस्त करायची मोठी शेड. पण मोठी म्हणजे केवढी, ते शब्दकोशात नव्हतं. दारात गेल्यावर त्यांची मान वर गेली ती खाली येईना. दाराशी पाटी होती. भाऊसाहेबांनी ती मनात वाचली. त्यातला 'लूज' त्यांना आला, म्हणजे सैल, सुटा. बाकीचे शब्द पुढच्या अक्षरांचे.

"अहो, खिशातल्या सुट्या वस्तू काढून ठेवायला सांगितलंय," वहिनी म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं? अजून आर आलेला नाही."

वहिनींनी स्वतःच्या पदराची पिन काढून दारातल्या ट्रेमध्ये ठेवली. रखवालदाराने हातवारे केले तेव्हा भाऊसाहेबांनीही किल्ल्या, पेन, चष्म्याची डबी, सगळं ठेवलं. पाकीट तेवढं आतल्या खिशात राहिलं. कारण ते वस्तूंमध्ये येत नाही, ते कागदपत्रांमध्ये येतं. चौतीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलेली गोष्ट, त्यात चूक कशी असेल?

आत पिवळी रेषा आखली होती आणि सगळ्यांच्या आईबापांना विमानाच्या पंखाखालून फिरवून आणून तिच्या अलीकडे उभं केलं. मुख्य तपासनीस म्हणून एक उंच, ताठ साहेब होते. ते प्रत्येकाशी हात मिळवत आले. भाऊसाहेबांची वेळ आली. बाजूला धाकटी निळ्या डगल्यात उभी, तिचा जीव मुठीत.

"गुड," भाऊसाहेब म्हणाले. "एक्सलंट हँगर. बिग. क्लीन. आय ॲम ग्लॅड."

साहेब खूश! धाकटीचे डोळे एवढे मोठे झाले. भाऊसाहेबांनी तिच्याकडे न बघता, जणू हे रोजचंच आहे अशा चेहऱ्याने, एकदा खाकरून घेतलं. नुसतं हसा म्हणे.

मग त्यांना हत्यारांची कपाटं दाखवली. प्रत्येक पान्याला कपाटात त्याच्याच आकाराची जागा, त्यावर नंबर, घेतला की नोंद, ठेवला की नोंद. एक जागा जरी रिकामी राहिली तरी विमान सुटत नाही. भाऊसाहेब ते बघत उभे राहिले आणि त्यांना भरून आलं. आपली पोरगी कुठल्या तरी परक्या, ग्रीसच्या राज्यात गेली असं ते सहा वर्षं समजत होते. ती तर रेकॉर्ड विभागातच होती!

धाकटी शेवटची फेरी मारायला विमानाखाली गेली. हातात टॉर्च. चाकं बघितली, पोट बघितलं, पंखाखाली वाकली. आणि वाकली ती तिथेच थांबली. जमिनीवरून तिने काहीतरी उचललं. तळहातावर धरून बघितलं आणि शिट्टी वाजवली.

हातातली कामं जिथल्या तिथे थांबली. विमानाखाली एक सुटा स्क्रू सापडला होता.

साहेब आले, बघितलं, काहीतरी विचारलं. धाकटी ताठ उभी राहून स्पष्ट बोलली. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने वहिनींना समजावून सांगितलं, "ती म्हणतेय, हा कुठून पडला ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही." म्हणजे कार्यक्रम रद्द. विमान पुन्हा खोलायचं, दोन-तीन दिवस. आणि पहिला संशय अर्थातच त्या विमानावर काम करणारीवर. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर खाली नव्हती.

भाऊसाहेबांचा हात आतल्या खिशाकडे गेला. सतरा वर्षांचा डिंक तो किती दिवस धरणार? पाकिटाचं तोंड उघडं होतं, खिशाचं अस्तर तळाशी फाटलेलं होतं आणि पाकिटात एकच स्क्रू होता.

गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं, हे त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं. पण आलं तसं गेलं. पोरीला हाक मारून मराठीत सांगावं, तर लोक म्हणतील मुलगी स्वतःला वाचवायला बापाच्या नावावर काहीबाही सांगते. ज्याच्यावर संशय आहे त्याने साक्षीदाराचं भाषांतर करायचं नसतं. साक्ष साक्षीदारानेच द्यायची. भाऊसाहेबांनी पिवळ्या रेषेच्या अलीकडेच राहून हात वर केला.

"फॉल्ट!" ते मोठ्याने म्हणाले. "इट इज... आय! आय ड्रॉप इट!"

सगळं हँगर त्यांच्याकडे बघायला लागलं. साहेब समोर येऊन उभे राहिले. नक्की काय पडलं, असं त्यांनी विचारलं असावं.

आणि इथे भाऊसाहेबांची जीभ टाळ्याला चिकटली. स्क्रू हा शब्द त्यांना काय येत नव्हता? लहान पोराला येतो. पण दोन महिने त्यांनी डोक्यात जी भिंत बांधली होती, तिच्या पलीकडचं एक अक्षर घाबरलेल्या तोंडातून बाहेर येईना. "क्लॉक," ते म्हणाले. "होम. डॉटर... चाइल्ड... डिसमँटल क्लॉक. एन्व्हलप. आय कीप... आय..." कपाळावरून घाम निथळायला लागला.

"स्क्रू, सर," शेजारून आवाज आला.

वहिनी पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून पाकीट घेतलं, वरचा मजकूर आणि तारीख झरकन वाचली. "टू स्क्रू. ओल्ड. सेव्हन्टीन इयर्स. पॉकेट... टोर्न. वन... वन स्टे. सेकंड स्लिप."

भाऊसाहेब बायकोकडे बघतच राहिले.

"बघता काय?" वहिनी कुजबुजल्या. "शिवणयंत्रावर रोज दुपारी काय करत होते मी? टाके घालत? पुढचं बोला, तुमच्या अक्षरातलं आहे."

"हियर!" भाऊसाहेब म्हणाले. "कम्पेअर बोथ! आयडेंटिकल!"

"प्रूफ," वहिनी म्हणाल्या. "रिटन. सेम टाइम."

"आय अपॉलोजाइझ," भाऊसाहेबांनी समारोप केला. "कम्प्लीटली."

साहेबांनी पाकीट हातात घेतलं. वरचा मजकूर त्यांना वाचता येईना, म्हणून त्यांनी एका मराठी मेकॅनिकला बोलावलं. त्याने मोठ्याने वाचलं: "'भिंतीवरील घड्याळ. उरलेले स्क्रू, नग दोन. घड्याळ व्यवस्थित चालू आहे.'" खाली तारीख आणि छोटी सही. मेकॅनिकने इंग्रजीत सांगितलं. दोन्ही स्क्रू शेजारी ठेवून भिंगातून बघितले. एकाच जातीचे, आणि असला स्क्रू त्या विमानात कुठेही लागत नाही.

साहेब हसले नाहीत. त्यांनी एक फॉर्म मागवला आणि भाऊसाहेबांसमोर ठेवला. घटना, ठिकाण, वेळ, कारण, सही. भाऊसाहेबांच्या जिवात जीव आला. असा फॉर्म समोर आला की माणसाला आपण आपल्याच घरी आहोत असं वाटतं. त्यांनी तो एका दमात भरला. खाडाखोड नाही. मग साहेब बराच वेळ काहीतरी बोलले. त्यातलं भाऊसाहेबांना निम्मं कळलं, निम्मं वहिनींना, आणि दोघांनी मिळून ते जुळवलं. साहेब म्हणत होते की पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या आईबापांसमोर, स्वतःवर बालंट येईल हे माहीत असून विमान थांबवायला छाती लागते. लायसन्स कागदावर मिळतं, पण ही मुलगी खरी इंजिनियर आज झाली.

धाकटीने पुन्हा फेरी मारली, जमिनीचा इंच न् इंच बघितला आणि मग टेबलाशी आली. मोठी नोंदवही उघडली. तिने नेमकं काय काय केलं ते एका मुलाने तपासून सही केली, आणि शेवटी, सगळ्यात खाली, तिची सही.

भाऊसाहेब ती सही बघत होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सह्यांसाठी कागद तयार केले होते. त्यांची स्वतःची सही कायम कोपऱ्यात, आद्याक्षरांपुरती. तिच्यावर एक सायकलसुद्धा कचेरीच्या आवारातून बाहेर गेली नसेल. आणि या पोरीच्या सहीने एवढं थोरलं विमान आभाळात जाणार होतं, तिच्या आईबापांना पोटात घेऊन. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

फेरीचं काय सांगू? विमान हललं तेव्हा वहिनींनी नवऱ्याचा हात धरून एकेक शब्द सांगितला. "हे टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून चालतंय. ही रनवे. आता टेक-ऑफ, घट्ट धरा!" वर एकदा विमान गदगदा हललं तेव्हा भाऊसाहेबांनी डोळे मिटले. वहिनी म्हणाल्या, "टर्ब्युलन्स. हवेची धुसफूस. आपल्याकडे पाहुणे गेल्यावर होते तशी. जाते लगेच." शेवटी विमान खाली झुकलं तसे भाऊसाहेब सावरून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लँडिंग!" हा त्यांचा शब्द होता.

नंतर कँटीनमध्ये तिघं चहाला बसले. धाकटीने ते पाकीट परत परत वाचलं. "बाबा, तुम्ही हे ठेवलं होतं?"

"रेकॉर्ड आहे ते," भाऊसाहेब म्हणाले.

"आणि मला वाटायचं, त्या घड्याळाचा तुम्हाला अजून राग आहे. फोनवर म्हणाले ना मी नुसतं हसा म्हणून, ते... तुम्हाला इथे आवडणार नाही असं वाटलं मला. निदान हसलात तरी मला पुरे, असं."

भाऊसाहेबांनी पिशवीतून वही काढली, पानं उलटली आणि 'इंजिनियर' काढला. 'इंजिनाची देखभाल व दुरुस्ती करणारा माणूस'. दारातल्या ट्रेमधून परत मिळालेलं पेन त्यांनी उघडलं. क्षणभर हात थांबला. मग 'करणारा माणूस' यावर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'करणारी आमची धाकटी'.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "खाडाखोड?"

"खाडाखोडीवर सही करायची असते," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी सही केली, आद्याक्षरं नव्हे, पूर्ण नाव. मग पेन बायकोपुढे धरलं. "तूही कर. त्या अर्जावर तू एकटीने केली होतीस. आता माझ्याखाली कर."

वहिनींनी केली. धाकटी वहीवर वाकून बघत होती, तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "बाबा, पण हा अर्थ शब्दकोशात कुठे आहे?"

भाऊसाहेबांनी वही स्वतःकडे ओढली. शेऱ्याचा रकाना दोन महिने कोरा होता. तिथे त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मूळ प्रतीशी पडताळून पाहिले. बरोबर आहे.'